‘विहिरींचं’ पाणी

सरपंचांनी माझ्या हातात नारळ ठेवला तेव्हा मी खड्ड्यातल्या पाण्याकडे बघत होते, आणि मला ते पाणी अजिबात आवडलं नव्हतं.

तसं नाव ठेवायला जागा नव्हती. पाणी नितळ होतं, तळाचे गोटे दिसत होते. काठावर मांडव, झेंडूच्या माळा, सतरंज्या, माइक, आणि ‘भव्य जलपूजन सोहळा’ असा बॅनर. त्यावर माझं नाव सगळ्यात खाली होतं आणि तेही चुकवलेलं होतं. डिसेंबर चालू होता. निफाड तालुक्यात डिसेंबर म्हणजे स्वेटरवर शाल आणि शालीवर मफलर. अशा थंडीत सगळं गाव सकाळी सकाळी नदीत जमलं होतं. पाऊस जाऊन महिने झाले होते, तरीही नदीतला नवा खड्डा आपोआप भरला होता. गावाला याचाच आनंद झाला होता आणि मला याचीच काळजी वाटत होती.

“मॅडम, फोडा,” सरपंच म्हणाले. “गुरुजी खोळंबलेत.”

मी नारळ फोडला. पाण्याच्या पूजेशी माझं भांडण नाही. मी मूळची पंचवटीतली. वडील गोदावरीच्या काठावर यात्रेकरूंचे विधी सांगायचे, त्याच दक्षिणेवर मी भूशास्त्र शिकले. पूजा करावी, जरूर करावी. पण ज्याची पूजा करतो ते आलं कुठून, एवढी चौकशी आधी केलेली बरी.

मी भूवैज्ञानिक आहे. म्हणजे जमिनीखाली पाणी कुठे आहे, किती आहे आणि कधीपर्यंत पुरेल हे सांगणारी बाई. नोकरी सरकारी होती, आता निवृत्त आहे. लोक अजून फोन करतात आणि बहुतेकांचं एकच काम असतं: “मॅडम, बोअरचा पॉइंट काढून द्या.” त्या दिवशीही मी जलपूजनाला गेलेच नव्हते. पॉइंट काढायला गेले होते. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, उगाच कोणी तोंडसुख घेऊ नये.

फोन यमुनाकाकूंचा होता. काकू साठीच्या पुढच्या. नदीकाठी त्यांची द्राक्षबाग आहे आणि ती सगळी त्याच बघतात. त्यांचे यजमान गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचे. अजून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तर निवृत्त झाल्यापासून ओट्यावर बसून पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढतात. “एक तरी माणूस बागेत लागतोच ना,” असं काकू म्हणतात, आणि तो माणूस म्हणजे त्या स्वतः.

“विहीर परसभर खाली गेलीय मॅडम,” त्यांनी फोनवर सांगितलं होतं. “या दिवसांत कधीच जात नव्हती. बाग फुगवणीला आलीय, मणी पाणी मागतोय. एखादा बोअर घेऊन ठेवते.”

परस म्हणजे पुरुषभर उंची. डिसेंबरात एवढं पाणी उतरणं चांगलं लक्षण नव्हे. मी सकाळी लवकर पोचले आणि टेप विहिरीत सोडला. काकूंचा अंदाज बरोबर होता.

“शेजाऱ्यानं नवी मोटर टाकलीय,” काकू म्हणाल्या. “तोच ओढत आसंल.”

“आणखी काय नवीन झालंय या दिवाळीनंतर?”

“नवीन? नदी खोल केली ना! तुम्ही पाहिलं नाय? लय पाणी लागलं. आज पूजा हाय तिथं. मीच ओटी भरनार हाय.”

इथे थोडं थांबून त्या गावाच्या जमिनीबद्दल सांगायला हवं. नाशिक जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी मातीखाली काळा कातळ असतो. कातळात पाणी थोडं, तेही भेगांतून. पण काही नद्यांच्या काठी माती आणि कातळ यांच्यामध्ये एक थर असतो. नदीने युगानुयुगं वाहून आणलेली रेव आणि गोटे. रेव म्हणजे वाळूपेक्षा जाड, गोट्यापेक्षा बारीक. या गोट्यांच्या फटींमध्ये पाणी राहतं. डाळीच्या डब्यात पाणी ओतलं तर दाण्यादाण्यांच्या मधल्या जागेत बसेल, तसं. पावसाळ्यात नदी या थरात पाणी भरते आणि पाऊस गेला की हाच थर ते पाणी हळूहळू परत सोडतो, थोडं विहिरींना आणि थोडं नदीला. हिवाळ्यात नदीची बारीक धार चालू असते ती डोंगरातून येत नाही, या थरातून येते. काकूंची विहीर याच गोट्यांत खणलेली. म्हणून तिला मे महिन्यातही पाणी असायचं, आणि म्हणून त्या काठावर बागा होत्या.

आता त्या गावात झालं होतं ते असं. ग्रामसभेत ठराव झाला, नदीतला गाळ काढायचा. गाळ या शब्दाविरुद्ध बोलणारा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. गाळ काढणं म्हणजे पुण्य. पण गाळ म्हणजे चिखल, पाण्याबरोबर वाहून येऊन धरणा-तलावांच्या तळाशी बसणारा बारीक चिखल. या नदीत गाळ फारसा नव्हताच, होते ते गोटे. तरी लोकांच्या तोंडी नदीत जे जे सापडतं ते सगळं गाळच. शिवाय एका रस्त्याच्या ठेकेदाराने सांगितलं, मशीन माझं, डिझेल माझं, तुम्ही फक्त माल उचलू द्या. गावाला नदी फुकटात खोल करून मिळाली आणि त्याला भराव फुकटात मिळाला. दोघेही खूष. पोकलेनने महिनाभरात गोट्यांचा थर खरवडून काढला आणि हायवा ट्रक भरभरून तो रस्त्याकडे गेला.

मग खड्ड्यात पाणी आलं.

काकूंच्या घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं. मी गवंड्याकडून त्याची लेव्हलची नळी मागून घेतली. साधी पारदर्शक नळी असते, आत पाणी भरलेलं. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं, त्यावरून गवंडी भिंती एका पातळीत घेतात. तीच नळी घेऊन, खुंट्या ठोकत ठोकत, मी विहिरीच्या काठावरून खड्ड्याच्या काठापर्यंत आले. तिथून टेप सोडून खड्ड्यातलं पाणी मोजलं. काकूंच्या विहिरीतलं पाणी आणि खड्ड्यातलं पाणी जवळजवळ एका उंचीला होतं. खड्ड्यातलं जरासं खाली.

पाणी वरून खाली जातं. म्हणजे विहिरीकडून खड्ड्याकडे.

एवढं कळलं आणि तेवढ्यात सरपंचांनी मला पाहिलं. दीपकभाऊ, चाळिशीचा उत्साही माणूस, लबाड मुळीच नाही. त्यांनी शासनातल्या मॅडम स्वतःहून आल्या असा अर्थ काढला. बॅनरवर नाव टाकायला फ्लेक्सवाल्याला पिटाळलं आणि मला पहिल्या खुर्चीवर बसवलं. चुकीच्या नावाचं कारण तेवढंच.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगायचा प्रयत्न केला.

“दीपकभाऊ, हे पाणी नवीन नाहीये.”

“म्हंजे जुनं हाय?” ते हसले.

“जमिनीतलंच आहे. तुम्ही झाकण काढलंत.”

“मॅडम, लोकं बसलीत. स्वयंपाक तयार हाय. तुम्ही माइकवर बोला ना दोन शब्द. शास्त्रीय बोला, लोकांना आवडतं. फक्त आजच्या दिवशी वंगाळ काही नको.”

मी ठरवलं, माइकवरच सांगायचं. समारंभ बिघडला तर बिघडला. मी उठले, घसा साफ केला आणि शक्य तितक्या साध्या शब्दांत म्हणाले, “मंडळी, हे पाणी पावसाचं नाही. हे पाणी तुमच्या विहिरींचं आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला काय वाटावं? मला वाटलं, कळलं यांना! इतकी वर्षं गावोगाव फिरून जे पटवता आलं नाही ते इथे एका वाक्यात पटलं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. मी पुढे म्हणाले, “तेव्हा ते सांभाळा.” पुन्हा टाळ्या. मग बँडवाल्यांना कोणीतरी खूण केली आणि माझं शास्त्र तिथेच संपलं.

यमुनाकाकू पुढे आल्या. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. वाकून त्यांनी पाण्याची ओटी भरली. तांदूळ पाण्यावर क्षणभर तरंगले आणि गोट्यांवर जाऊन बसले. काकू माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा फुललेला होता.

“मॅडम, म्हंजे आता हे सगळं पानी माझ्या विहिरीला येनार ना? मग बोअर कशाला घेऊ?”

“नाही काकू, उलट आहे,” मी ओरडून सांगितलं. बँड जोरात होता. काकूंनी कानाला हात लावला, मान डोलावली आणि मला पंगतीत ओढून नेलं. मसालेभात चांगला झाला होता, तो मला गिळवला नाही.

पंगत उठल्यावर मी त्यांना ओट्यावर बसवून पुन्हा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पण एकीकडे माझं तोंडी बोलणं आणि दुसरीकडे डोळ्यांसमोर एवढं थोरलं पाणी. “पाहू,” त्या म्हणाल्या. शेतकरी बाई ‘पाहू’ म्हणाली की आपण गाडी काढावी.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी व्हॉट्सअॅपवर पेपरचं कात्रण पाठवलं. ‘नदी खोलीकरणामुळे विहिरींना पाणी, भूवैज्ञानिकांचा निर्वाळा’. खाली माझा नारळ फोडतानाचा फोटो.

मी तडक मास्तरांना फोन लावला. “मास्तर, मी असं म्हटलंच नव्हतं!”

“म्हणालात की. मी समोरच होतो,” मास्तर म्हणाले. “तुम्ही षष्ठी वापरलीत.”

“काय वापरलं?”

“षष्ठी विभक्ती. चा, ची, चे. ‘विहिरींचं पाणी’. विहिरींतून घेतलेलं की विहिरींसाठी आलेलं, हे षष्ठी सांगत नाही. ती नुसता संबंध सांगते. तुम्हाला पंचमी हवी होती. विहिरींतून. विहिरींहून.”

“अहो, मग तिथेच सांगायचं होतं!”

“बाई, मलाही तेव्हा दुसराच अर्थ बरा वाटला,” मास्तर म्हणाले. “बाग आमचीच आहे ना.”

मी बातमी देणाऱ्या वार्ताहराला गाठलं. तो भला मुलगा होता. त्याने खुलासा छापला, आतल्या पानावर, एका नर्सरीच्या जाहिरातीशेजारी. तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. कात्रण मात्र सगळ्यांनी वाचलं. तेच ग्रामसभेत वाचून दाखवलं गेलं आणि नदी आणखी वरपर्यंत खोल करायचा ठराव हात वर करून मंजूर झाला. आजूबाजूच्या गावांतून पाहणीला माणसं येऊन गेली. ‘भूवैज्ञानिक मॅडमनी सांगितलंय,’ असं लोक एकमेकांना सांगू लागले. माझ्या बोलण्याला नोकरीत असताना कधी एवढी किंमत आली नव्हती.

हे मला समजलं तेव्हा मी पुन्हा गावात गेले. सरळ नदीत उतरले. दीपकभाऊ तिथेच मशीनपाशी उभे होते. पोकलेन आता काकूंच्या बांधाला लागून चालला होता. पण मला धक्का बसला तो खालच्या अंगाला बघून.

नदीच्या पात्रात एके ठिकाणी कातळाची आडवी पट्टी होती. घराला उंबरा असावा तशी. तिच्या वरच्या बाजूला गोट्यांचा सगळा थर, आणि थरातलं पाणी या उंबऱ्याला अडून राहिलेलं. हायवा नदीत उतरवायला सोपं जावं म्हणून ठेकेदाराने हा उंबरा फोडून उतार केला होता. त्या उतारावरून एक पाण्याची धार खळखळत खाली चालली होती.

“बघा, नदी वाहती झाली,” दीपकभाऊ कौतुकाने म्हणाले.

“ही नदी नाही. ही तुमची टाकी गळतेय.”

“मॅडम, तुम्हीच तर म्हनाल्या व्हत्या...”

“मी काय म्हणाले ते विसरा. एक घमेलं मागवा.”

मी मजुराकडून घमेलं घेतलं, काठोकाठ गोटे भरले आणि पाणी ओतलं. पाणी गोट्यांच्या मधल्या जागेत शिरलं, वर दिसेनासं झालं. “आता यात पाणी दिसतंय?” मी विचारलं.

“नाय.”

मी मधले ओंजळभर गोटे काढून टाकले. खळगा झाला आणि खळग्यात पाणी उभं राहिलं.

“आता?”

“आता दिसतंय.”

“पाणी वाढलं का?”

दीपकभाऊंनी कडेच्या गोट्यांना बोट लावून पाहिलं. वरचे गोटे कोरडे पडायला लागले होते. माणूस हुशार होता. त्याने मला योग्य तो प्रश्न विचारला, जो विचारायला पुष्कळ इंजिनियरही विसरतात.

“पन मॅडम, गोटे काढले म्हंजे गोट्यांची जागा बी पान्याला मिळाली ना? मंग पाऊस आला की उलट जास्त मावंल.”

“मावेल. खड्ड्यात गोट्यांपेक्षा जास्त पाणी मावतं, हे खरंय. पण गोट्यांतलं पाणी सावलीत असतं. खड्ड्यातलं उन्हात, एप्रिलात वाफ होऊन जाईल. गोट्यांतलं पाणी कोणाला दिसत नाही म्हणून कोणी उपसत नाही. खड्ड्यातलं दिसतंय, उद्या सगळे पाइप टाकतील. आणि दीपकभाऊ, तुम्ही तो उंबरा फोडलाय. जास्त मावणारं भांडं केलंत आणि त्याला खाली भोक पाडलंत.”

त्यांनी मफलर काढला, पुन्हा बांधला.

“थांबवू का मग?”

“आज. आत्ता.”

त्यांनी थांबवलं, हे मला आवर्जून सांगायचंय. ठेकेदार तावातावाने बोलला, ग्रामसभेचा ठराव दाखवला, माझं कात्रणही दाखवलं. दीपकभाऊंनी मशीनपुढे मोटरसायकल आडवी लावली आणि ते तिच्यावर बसून राहिले. अखेर मशीन गेलं. गावातल्या निम्म्या लोकांनी सरपंचांना शिव्या घातल्या, चालू असलेलं पुण्याचं काम बंद पाडलं म्हणून.

पण काकूंच्या बांधापर्यंतचा थर तोवर गेला होता. आणि गेलेला माल परत आणून टाकायची सोय नसते.

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. अपेक्षेप्रमाणे म्हणताना मला बरं वाटत नाही. खड्ड्याच्या काठी मोटरी बसल्या. रोज एक नवा पाइप. ज्यांच्या विहिरी उतरल्या त्यांनीच खड्ड्यात पाइप टाकले, म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी वळसा घालून उपसलं. फुटलेल्या उंबऱ्यावर मुरमाच्या गोण्या टाकून पाहिल्या. पाझर थोडा कमी झाला, थांबला नाही. नदीची धार एरवी होळीच्या आसपास बंद व्हायची, ती त्या वर्षी त्याच्या फार आधी आटली. खालच्या अंगाच्या गावात एक डोह होता. तिथल्या बायका कपडे धुवायला जायच्या, म्हशी डुंबायच्या. त्या डोहात चिखल उरला. त्या गावाने तर ना ठराव केला होता, ना टाळ्या वाजवल्या होत्या.

काकूंचा द्राक्षांचा तोडा झाला. माल बरा निघाला. खरा प्रश्न पुढे होता. द्राक्षाच्या वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातल्या छाटणीला खरड छाटणी म्हणतात. फळं निघून गेल्यावर वेल जवळजवळ बोडकी करायची आणि नवी फूट येऊ द्यायची. त्या नव्या काडीवर पुढच्या हंगामाचा घड धरतो. ती फूट ऐन एप्रिल-मेमध्ये येते आणि तिला पाणी लागतंच. त्या पाण्याला पर्याय नाही.

खरड छाटणी झाली आणि विहिरीने तळ दाखवला.

मी पॉइंट काढून द्यायला नकार दिला. खाली कठीण कातळ होता. बोअर लागण्याची शक्यता मला दिसत नव्हती आणि ते मी काकूंना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मग तळहातावर नारळ उभा धरून पाणी शोधणारा एकजण आणला. त्याचा नारळ बागेच्या कोपऱ्यात आडवा झाला. बोअरमधून नुसता फुफाटा निघाला. काकूंनी हे मला स्वतः फोन करून सांगितलं. “तुमचं ऐकायला पायजे व्हतं,” त्या म्हणाल्या. मी आयुष्यभर हे वाक्य ऐकण्यासाठी धडपडले आणि त्या दिवशी मला ते ऐकवलं नाही.

टँकरवर त्यांनी बाग काही दिवस ओढली. मग सोडली.

मे महिन्यात मी गेले तेव्हा बाग तुटत होती. माणसं मांडवाच्या तारा सोडवून गुंडाळत होती, लोखंडी अँगल उपटून एका बाजूला रचत होती. वेलींची खोडं मनगटाएवढी जाड. काकू बांधावर उभ्या राहून कामकरी माणसांना सूचना देत होत्या, तार वाकवू नका, अँगल आपटू नका. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मास्तर प्रथमच ओट्यावर नव्हते. तेही बागेत होते, एका खोडापाशी उकिडवे बसून त्यावरून हात फिरवत होते.

“तुम्ही घरी जा बरं,” काकू त्यांना म्हणाल्या. “ऊन हाय.”

“जातो,” मास्तर म्हणाले, पण उठले नाहीत.

मी आयुष्यभर विहिरी आटलेल्या पाहिल्या आहेत, दुष्काळात, मोठ्या उपशाने, खाणीच्या सुरुंगांनी. पण ही विहीर आटली त्यात दुष्काळ नव्हता. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. इथे पाणी ठेवायची जागाच आपण उचलून नेली होती, तीही वाजतगाजत.

पावसाळा आला. त्याआधी दीपकभाऊंनी कुठूनतरी खटपट करून फुटलेल्या उंबऱ्यावर सिमेंटचा छोटा बंधारा बांधून घेतला. काम चांगलं झालं, मी स्वतः पाहून आले. नदीला पूर आला. पूर्वी पुराचं पाणी गोट्यांवरून पसरून सावकाश जायचं. आता ते खोल झालेल्या पात्रातून सुसाट गेलं आणि काठ कापत गेलं. पूर ओसरल्यावर खड्ड्याच्या तळाशी चांगला जाड थर बसला होता. मी हाताने काढून पाहिला. बारीक, चिकट, बोटांना लागला की निघत नव्हता. आता मात्र नदीत खरोखरच गाळ होता. हा गाळ तळावर बसला की पाणी खाली मुरत नाही, आणि उरलेल्या गोट्यांची तोंडंही बुजतात.

श्रावणात काकूंचा फोन आला. आवाजात जुना उत्साह. “मॅडम, विहीर भरली! पार वरपतोर. बघायला या.”

मी गेले. विहीर खरंच भरली होती. काठावर वाकून हात बुडवता येईल एवढं पाणी. कठड्यावर काकूंनी हळदकुंकू वाहिलेलं दिसत होतं. नर्सरीत त्या रोपांची चौकशी करून आल्या होत्या. विकलेल्या अँगलच्या जागी जुने अँगल कुठे मिळतील, हेही विचारून झालं होतं. एकदा बाग लावली की पहिला घड धरेपर्यंत मध्ये पुरते दोन उन्हाळे काढावे लागतात.

“परत लावू का बाग?” काकूंनी विचारलं. “मास्तर म्हनले, मॅडमला इचारल्याबिगर रोपं आनायची नाय.”

मास्तर दारात उभे होते. दोघेही माझ्या तोंडाकडे बघत होते. मी टेप बाहेर काढला, सोडला, वाचला, पुन्हा गुंडाळला. याची काही गरज नव्हती, पाणी डोळ्यांना दिसत होतं. मला फक्त थोडा वेळ हवा होता.

“काकू, विहीर भरलीय,” मी म्हटलं. “पण टिकणार नाही. संक्रांतीपर्यंत पुरेल. खरड छाटणीला पुरणार नाही.”

“बंधारा घातलाय की.”

“बंधारा पाणी अडवेल. धरून ठेवणारे गोटे गेले.”

“मंग कवा टिकंल?”

“नदीने गोटे परत आणून टाकले की.”

“कवा आनंल?”

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली.

“आपल्या हयातीत नाही, काकू.”

काकूंनी पदराने कपाळ पुसलं. “सोयाबीनच टाकते मंग दरसाल,” त्या म्हणाल्या. “त्याला उन्हाळा बघावा लागत नाय.” आणि चहा ठेवायला आत गेल्या.

आमच्या कामात विहिरीची पातळी वर्षातून दोन वेळा तरी मोजायची असते, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. दोन्ही आकडे खरेच असतात. पावसाळ्यानंतरचा आकडा गावाला सांगायला सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडायचं. आता कोणी विचारलं तर मी फक्त मे महिन्यातला सांगते.